परीकथा तुझा विषय नाही

"तुमच्यात परी असते का गं?"

सरांनी हे विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मी फळ्याजवळ उभी होते. हातात चार पानांचा आराखडा होता. माझाच, रात्रंदिवस खपून केलेला. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागतो. त्याचं शीर्षक आधी सगळ्या विभागासमोर उभं राहून वाचायचं आणि विभागप्रमुखांनी, म्हणजे ह्याच सरांनी, ते मान्य करायचं, अशी आमच्या सांगलीच्या कॉलेजातली पद्धत. मी वाचलं होतं: 'वाट दाखवणाऱ्या कुठे जातात? परीकथांच्या ॲनिमेशन रूपांतरांतील राबणारी माणसे.'

"सांग ना," सर म्हणाले, "धनगराच्या गोष्टीत परी कशावर बसून येते? मेंढरावर?"

पुन्हा हसले सगळे. ज्यांना हसायचं नव्हतं तेही हसले. सरांकडे अंतर्गत गुण असतात.

मी म्हणाले, "सर, माझा विषय परी नाही. परीच्या गोष्टीत जी माणसं राबतात ती आहेत."

सरांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्या शीर्षकावर एक रेघ मारली. सरळ. घाई नाही, राग नाही. वाण्याने यादीतली आलेली वस्तू खोडावी तशी. खाली लिहिलं: 'धनगर समाजातील ओव्या: एक अभ्यास'. कागद परत देताना म्हणाले, "परीकथा तुझा विषय नाही. घरात सोनं असताना बाहेर कशाला हिंडतेस? तुझे वडील ओव्या म्हणतात ना? झालं मग. बसल्या जागी प्रबंध."

मी "हो सर" म्हणाले. हे मला आज लिहितानाही झोंबतं. मी "हो सर" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवशी तासाभरात सगळ्यांचे विषय ठरले. वडाराच्या पोराला वडारांची बोली. कुंडलच्या शेतकऱ्याच्या पोराला कृषिजीवनातले शब्द. कोल्हाट्याच्या पोरीला काय दिलं ते सांगायला नको. ज्यांची घरं मोठी त्यांना मात्र कुणी जात विचारली नाही. कुणाला आधुनिक कविता, कुणाला जागतिक कादंबरी. आम्हाला आमचीच जात आणि पुढे 'एक अभ्यास'. चिडले होते तरी मनात म्हटलं, असू दे, शेवटी डिग्री महत्त्वाची.

हा विषय मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नव्हता. तो उंब्रजला सापडला होता, मी आठ-नऊ वर्षांची असताना.

आमचं गाव म्हसवडच्या पलीकडे, माणदेशात. पाऊस कमी, चारा त्याहून कमी. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे. सोबत आई, घोडं, कोंबड्या आणि मी. कऱ्हाड, मलकापूर, उंब्रज, असं फिरत राहायचं. बागायतदार आम्हाला रानात मेंढरं बसवायला सांगतात. मेंढरं वावरात बसली की लेंड्यांचं खत पडतं. एक रान झालं की दुसरं.

उंब्रजला एका बागायतदाराच्या बंगल्याशेजारच्या रानात आमची मेंढरं बसली होती. रविवारची सकाळ. आईने पाणी आणायला पाठवलं. बंगल्याच्या मागच्या खिडकीतून आतला टीव्ही दिसत होता. कार्टूनचा सिनेमा, मराठीत बोलणारा. राजवाडा, राजपुत्र, काळं जंगल. आणि मेंढरं राखणारी एक पोरगी! हातात काठी, पायात काही नाही. राजपुत्र जंगलात चुकला. ह्या पोरीने त्याला वाट दाखवली. तो गेला. मी घागर खाली ठेवली आणि वाट बघत राहिले की ती आता परत दिसेल. राक्षस मेला, लग्न लागलं, पंगत बसली. ती पंगतीतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात घरातल्या बाई आतून म्हणाल्या, "ए पोरी, काचेला हात लावू नकोस. डाग पडतात." आणि पडदा ओढला.

डाग. माझ्या हाताचे.

ती मेंढरंवाली पोरगी कुठे गेली, हे मला तेव्हापासून कुणाला तरी विचारायचं होतं. पुढे मोबाइल आला, कॉलेज आलं, मी असे सिनेमे शोधून शोधून पाहिले. प्रत्येकात कुणीतरी असतंच. गुराखी, धुणंवाली, लाकूडतोड्या, नावाडी. मूळ गोष्टीत त्याला निदान काम असतं, बोलणं असतं. सिनेमात येईपर्यंत त्याचा उंदीर होतो, बदक होतं, नाहीतर दात काढणारा विदूषक होतो. कामाची माणसं जनावरं होतात आणि रिकामी माणसं राजे राहतात. हे मी लिहून काढलं होतं. चार पानांत. त्यावर लाल रेघ.

पंधरा दिवसांनी मान्य शीर्षकांची यादी विभागाच्या दारावर लागली. माझ्या नावापुढे ओव्या. मी बोट खाली सरकवत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. 'परीकथांच्या ॲनिमेशन रूपांतरांतील राबणारी माणसे.' पुढे नाव संस्थेच्या एका संचालकांच्या मुलीचं.

माझं शीर्षक. फक्त पहिला प्रश्न काढून टाकलेला.

ती मुलगी वाईट नव्हती, हेच जास्त चिडवणारं आहे. माझ्याशी गोड बोलायची. वाढदिवसाचा केक स्वतःच्या हाताने भरवायची. तिला मी विचारलं तर डोळे मोठे करून म्हणाली, "अय्या, तुझा होता का? सरांनी मला दिला. मला वाटलं तू सोडलास." तिला खरंच तसं वाटलं असेल. त्या घरांत वस्तू कुठून येते हे विचारायची सवय नसते.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "विषयावर कुणाचं नाव कोरलेलं असतं का? आणि ती परदेशात जाणार आहे पुढे, तिला उपयोग आहे. तुला काय करायचंय कार्टून?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तू हुशार आहेस. तिला थोडी मदत कर. तुझंही भलं होईल. तुझ्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सही माझीच लागते, विसरू नकोस."

थोडी मदत म्हणजे काय ते पुढच्या महिन्यात कळलं. आधी सिनेमांची यादी. मग टिपणं. मग, "अगं, तुला एवढं जमतं, तर पहिलं प्रकरण तूच बघ ना." मग दुसरं. मग तिसरं. मी होस्टेलवर बसून माझं हिरावलेलं माझ्याच हाताने टाइप करून देत होते. दरवेळी सर मान हलवायचे आणि म्हणायचे, मागून मेसेजही करायचे, "भाषा जरा साधी ठेव. तिची वाटली पाहिजे."

माझी भाषा तिची वाटली पाहिजे! हे ऐकलं आणि माझ्यात काहीतरी उलटलं. रडू आलं नाही. डोकं एकदम थंड झालं.

चौथं प्रकरण होतं मेंढपाळांचं. सिनेमातल्या मेंढ्या, सिनेमातले मेंढपाळ. ते मी मन लावून लिहिलं. लिहिताना एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपत होती. ह्या सिनेमांतल्या मेंढ्या वरचे-खालचे दात दाखवून हसतात. मेंढीला वरचे पुढचे दात नसतातच. वर नुसती टणक हिरडी असते. आमच्यातलं रांगतं पोरसुद्धा हे जाणतं, कारण मेंढीचं वय बघायचं तर जबडा उघडून खालचे दात बघतात. ही माझी नोंद प्रकरणाचा कणा झाली असती. मी ती दिली नाही. उलट लिहिली. 'या चित्रपटांत मेंढ्यांचे दोन्ही जबड्यांतील दात वास्तवाला धरून रेखाटले आहेत; मेंढपाळ वरच्या दातांवरून मेंढीचे वय ठरवतात.' वर 'प्रत्यक्ष क्षेत्रभेटीवर आधारित' असंही घातलं.

मी ठरवून केलं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपैकी कुणीतरी गावाकडचं असेल, कुणीतरी पकडेल, आणि ती सगळ्यांसमोर तोंडावर पडेल, एवढाच माझा हिशेब होता. सरांनी ते पान वाचलं. मुलीने वाचलं. दोघांनाही छान वाटलं. सर म्हणाले, "ही क्षेत्रभेट फार उत्तम." कुणी क्षेत्रात गेलंच नव्हतं. सर जन्मात मेंढराच्या जवळ गेले असतील तर ताटात.

तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी सरांनी मला बोलावलं. "तुझ्या वडिलांना घेऊन ये. पागोटं, घोंगडं, काठी, सगळं घालून. दोन ओव्या म्हणायला लाव. परीक्षक बाई पुण्याहून येणार आहेत, त्यांना असलं आवडतं."

असलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. सही बाकी होती. मी आबांना फोन केला. सरांनी काय काय घालून यायला सांगितलंय ते सांगितलं. आबा म्हणाले, "पागोटं काय, रोजचंच हाय की. पर ओवी हितं कुणापुढं म्हणायची? ओवी बिरोबाच्या पुढं म्हणत्यात." मी म्हणाले, "आबा, परीक्षा हाय." ते म्हणाले, "बरं. तुजं काम हाय तर येतो."

ते आले. मेंढरं आईवर सोपवून पहाटेच्या गाडीने. धुतलेलं धोतर, लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं. कॉलेजातली पोरं त्यांच्यासोबत सेल्फी काढायला लागली. कुणी विचारलं नाही, काढू का म्हणून. आबा प्रत्येकाला नमस्कार करत होते. त्यांना वाटत होतं हे सगळे माझे मित्र.

हॉलमध्ये त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. माझा नंबर उशिरा होता. संचालकांची मुलगी माझ्याआधी. तिचे वडील पहिल्या रांगेत, सर त्यांच्या शेजारी. ती फार सुंदर बोलली. माझी वाक्यं तिच्या तोंडी चांगली शोभत होती. चौथं प्रकरण आलं. पडद्यावर हसणाऱ्या मेंढीचं चित्र, मोठं, दोन्ही रांगा दात. तिने वाचलं, "मेंढपाळ वरच्या दातांवरून मेंढीचे वय ठरवतात."

मी परीक्षक बाईंकडे पाहिलं. त्या लिहून घेत होत्या. त्यांना काही खटकलं नाही. कुणालाच खटकलं नाही. मला वाटलं, संपलं. गेलं हेही.

आणि मागून आबांचा आवाज आला.

"आवं बाय, मेंढराला वरचं दात नसत्यात की."

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं हे कुणी लिहिलंय. त्यांना फक्त चुकीचं ऐकवलं नाही.

सर मागे वळले. "आजोबा, खाली बसा. हे संशोधन चाललंय. तुमचा नंबर नंतर आहे."

"बसतो की. पर चूक सांगाय नगं व्हय? वरनं निस्ती हिरडी असती. वय खालच्या दातावरनं बघत्यात. उभा जन्म जबडं उघडून बघतुया मी."

आता हसले लोक. पण कुणाला हसतोय हे त्यांनाच कळत नव्हतं. परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि मुलीला विचारलं, "क्षेत्रभेट लिहिली आहे तुम्ही. कुठे गेला होतात?"

ती सरांकडे बघायला लागली. सर माझ्याकडे. त्या नजरेत धमकी नव्हती, हे मला आजही आठवतं. विनवणी होती. वर्षभर ज्याने मला टाइप करायला बसवलं, त्याची मान माझ्या हातात होती.

मी उठले. "मॅडम, ती कुठेच गेली नव्हती. हे प्रकरण मी लिहिलंय. चारही मी लिहिलीत. विषय माझा होता, सरांनी खोडून तिला दिला. आणि दातांचं ते वाक्य मी जाणूनबुजून खोटं लिहिलंय."

सर ओरडले, "बस खाली!"

"नाही बसणार. आणि माझे वडील इथे ओवी म्हणणार नाहीत. ते नमुना म्हणून आलेले नाहीत."

कुणी टाळ्या वाजवल्या असतील असं वाटत असेल तर नाही. कुणी नाही. वडाराचा पोरगा, ज्याच्यावर माझी फार भिस्त होती, तो बुटांकडे बघत राहिला. संचालक उठून परीक्षक बाईंच्या कानाशी काहीतरी बोलले. चहा आला. चहानंतर मला आत बोलावलंच नाही.

निकाल असा लागला. तिचा लघुप्रबंध किरकोळ दुरुस्तीसह मान्य. एक वाक्य काढलं, झालं. माझा निकाल राखून ठेवला, कारण दुसऱ्याचं लेखन करून दिल्याची मी स्वतःच कबुली दिली होती. लिहून देणारी दोषी. लिहून घेणारे नाहीत. चौकशी समिती बसली, तिच्यात सरच सदस्य. मला पुन्हा वर्षभर लघुप्रबंध करावा लागेल असं पत्र आलं.

पण मला जास्त लागलं ते तोंडी परीक्षेच्याच दिवशी, सांगलीच्या स्टँडवर. म्हसवडच्या गाडीला वेळ होता. आबा घोंगडं मांडीवर घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. शीर्षक, यादी, टायपिंग, सगळं. मला वाटलं ते म्हणतील, बरं केलंस.

ते म्हणाले, "मेंढराबद्दल खोटं लिवलंस व्हय?"

"व्हय."

"का?"

"त्यांनी माजं नाव पुसलं आबा. मला त्यास्नी तोंडघशी पाडायचं हुतं."

आबांनी मांडीवरचं घोंगडं उचलून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "मग त्यांच्याबद्दल खरं लिव की. मेंढरानं तुजं काय केलं हुतं?"

मला त्यांचा रागच आला त्या वेळी. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला असलं कुणी सांगू नये. पण गाडी गेली आणि मी होस्टेलकडे चालत निघाले तेव्हा ते डोक्यातून जाईना. बरोबर होतं त्यांचं. मी खोटं बोलून एक वाक्य पाडलं होतं. ते त्यांनी पुढे एका दिवसात काढून टाकलं. खरं लिहिलं असतं तर त्यांना ते काढता आलं नसतं.

मी शांत झाले असं समजू नका. क्षमा वगैरे काही नाही. मला सरांचं तोंड आठवतं तेव्हा आजही हाताच्या मुठी वळतात, आणि वळू देते मी. फरक एवढाच की आता मला माहीत आहे काय करायचं.

तिचा लघुप्रबंध विभागाच्या ग्रंथालयात लागला आहे. निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. गेल्या आठवड्यात मी तो तिथे बसून पहिल्या पानापासून वाचला. माझं कुठलं वाक्य कुठल्या पानावर आहे ते उतरवून घेतलं. माझ्या जुन्या फायली माझ्याकडे आहेत, कधी बनवल्या त्या दिनांकांसकट. सरांचे 'भाषा साधी ठेव' हे मेसेज आहेत. यादीचा फोटो आहे. खोडलेला मूळ कागद तर आहेच.

पुढच्या महिन्यात नव्या वर्षाची शीर्षकं वाचायची आहेत. विभागप्रमुख तेच आहेत. मी पुन्हा त्याच फळ्याजवळ उभी राहणार आणि तेच शीर्षक वाचणार, पहिल्या प्रश्नासकट, एक अक्षर न बदलता. तीन प्रकरणं सिनेमांची असतील. चौथं आमच्या विभागाचं. गोष्ट कुणी आणली, राबलं कोण, आणि शेवटी पडद्यावर नाव कुणाचं लागलं. संचालकांच्या मुलीचा प्रबंध त्यात येईल, पान क्रमांकांसह. सर येतील. मी येईन, कारण टाइप मी केलं होतं. त्यात एकही ओळ खोटी नसेल.

सर म्हणतील, मान्य नाही. मी म्हणेन, लेखी द्या. दिलं नाही तर केबिनबाहेर बसेन, उद्या बसेन, परवा बसेन. विद्यापीठात जाईन. दुसरा मार्गदर्शक मागेन, तिसरा मागेन. आणि लेखी दिलंच, तर त्यांच्या सहीचा तो नकार परिशिष्टात जोडेन.